धावून आल्यावर घामोळ्या उठतात?
मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या पार जातो, तेव्हा फुटाळा तलावाकाठी धावायचं तर उजाडायच्या आतच. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजून घाम कातडीतच अडकला की घामोळ्या येतात. म्हणून घरी आल्या आल्या ओला टी-शर्ट काढा, गार पाण्याने आंघोळ करा, कूलरसमोर अंग कोरडं होऊ द्या. खाज फारच सुटली तर कॅलामाइन लोशन लावा. खोबरेल तेल मात्र नको, आजी कितीही म्हणो. त्याने नळ्या आणखी बुजतात. पुरळ बसेस्तोवर धावणं बंद.

धावताना काही मिनिटांतच बारीक गांध्या उठून तासाभरात विरत असतील, तर त्या बहुधा घामोळ्या नव्हेत, अंगावर पित्त उठतंय. डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले किंवा छातीत घरघर झाली तर थेट दवाखाना गाठा.