डोळे आलेत? घाबरू नका, पण हे नक्की करा

पावसाळा लागला की डोळ्यांची साथ येतेच, २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत केवढी मोठी आली होती आठवत असेल. बहुतेक वेळा हे व्हायरसमुळे होतं, म्हणून ॲन्टिबायोटिक ड्रॉप्सचा त्यावर उपयोग नसतो, साधारण आठवडा-दोन आठवड्यात आपोआप बरं होतं. घट्ट पिवळा चिकट पू येत असेल तर बॅक्टेरिया असू शकतो, ते डॉक्टरच ठरवतील.

घरी काय करायचं, तर पाणी उकळून गार करा, त्यात स्वच्छ कापूस बुडवून पापण्या पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा आणि वापरला की लगेच टाकून द्या, थंड पाण्याची पट्टी ठेवली की चुरचुर कमी होते. लेन्स पूर्ण बंद.

आणि प्लीज, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स आणू नका हो! स्टिरॉइडवाले असले तर तात्पुरतं बरं वाटतं पण बुबुळाला इजा होऊ शकते. मध, आईचं दूध, गुलाबपाणी काहीच घालू नका.

नुसतं बघून डोळे येत नाहीत, हाताने पसरतात. त्यामुळे टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळ वेगळं ठेवा, साबणाने सारखे हात धुवा, मुलांना शाळेत पाठवू नका. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जात नाही, एवढंच.

खूप दुखतंय, अंधुक दिसतंय, उजेड सहनच होत नाही, लेन्स वापरता किंवा तान्हं बाळ आहे, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.