व्याख्यानमालेत पहिल्यांदा बोलणाऱ्या संशोधकांनो, या चुका टाळा

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला जानेवारीत असते आणि वक्ते ठरवण्याचं काम माझ्याकडे असतं. त्यात निम्मे तरी तरुण संशोधक असावेत असा माझा हट्ट असतो. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, लोकसाहित्य या विषयांत आपली मुलंमुली मेहनतीचं काम करताहेत, आणि ते काम विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे गावोगावच्या वाचनालयांनी हा शिरस्ता उचलला. मराठी माणूस दिवसभराचं काम उरकून तासभर गंभीर विषय ऐकायला आजही येऊन बसतो. त्याला निराश करून घरी पाठवणाऱ्या चुका मात्र दरवर्षी त्याच असतात.

प्रबंध वाचून दाखवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

एका वर्षी आम्ही १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी हा विषय ठेवला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, दुष्काळात निघालेली कामं, १९७७चा रोजगार हमी कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी आणि २००५ साली केंद्राचा कायदा, असा हा सगळा प्रवास. आमचा भाग दुष्काळी, त्यामुळे सभागृह भरलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जणांनी तेव्हा स्वतः खडी फोडली होती, पाझर तलावावर माती वाहिली होती, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या होत्या. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, पदरात बांधून घरच्या पोरांसाठी आणणाऱ्या बाया त्यात होत्या.

वक्ते अभ्यासू होते. त्यांनी गावोगाव हिंडून मुलाखती घेतल्या होत्या, हे मला फोनवरच्या बोलण्यात कळलं होतं. पण माईकसमोर उभं राहिल्यावर त्यांनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण काढलं आणि वाचायला सुरुवात केली. आधी विषयाची व्याप्ती, मग पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा, मग गृहीतकं, मग संशोधन पद्धती. अमर्त्य सेन यांचं दुष्काळाविषयीचं म्हणणं आलं, पण ते अशा भाषेत की आमचे निवृत्त प्राध्यापकसुद्धा एकमेकांकडे बघू लागले. खरं तर ते म्हणणं दोन वाक्यांत सांगता येतं: बाजारात धान्य असूनही माणूस उपाशी राहू शकतो, कारण ते विकत घ्यायला त्याच्या हातात पैसा नसतो. म्हणूनच नुसतं धान्य वाटण्यापेक्षा काम आणि मजुरी देण्याला महत्त्व आलं. एवढं सांगितलं असतं तर सगळं सभागृह त्यांच्याबरोबर चाललं असतं. मुलाखतींचं प्रकरण येईपर्यंत वेळ संपत आली, आणि ज्यासाठी लोक आले होते ते सगळं ‘वेळेअभावी’ गाळलं गेलं.

मग प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतल्या एका मावशी उठल्या. म्हणाल्या, “आम्ही दोघी जावा मिळून खडीचा ढीग घालायचो. मुकादम ब्रासवर माप घ्यायचा. पण मस्टरवर नाव माझ्या मालकाचं. असं आणखी कुठं झालं होतं का, सर?”

सरांचं उत्तर: “ते माझ्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. आपण नंतर बोलू.” मावशी खाली बसल्या. सर आभारप्रदर्शन होताच एसटी गाठायला निघून गेले.

त्या प्रश्नात काय होतं ते बघा. या कामांवर किती बाया होत्या हे आपण मस्टरवरून, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावरून, मोजतो. मस्टरवर नवऱ्याचं नाव असेल तर बाईनं फोडलेली खडी आकडेवारीत पुरुषाच्या नावावर जाते. म्हणजे मावशींनी उभ्या उभ्या एका महत्त्वाच्या साधनाची मर्यादा दाखवून दिली होती. कुठलाही संशोधक अशा माहितीसाठी महिनोन्‌महिने वणवण करतो. इथं ती चालून आली होती आणि तिला ‘नंतर’ म्हणून खाली बसवलं.

यावर माझी रीत सांगते. व्याख्यानाच्या आधी मी वक्त्याला फोन करते आणि विचारते, “या कामात तुम्ही स्वतः कुठं चकित झालात?” बहुतेकांकडे उत्तर लगेच तयार असतं आणि ते ऐकण्यासारखं असतं. मग मी सांगते, व्याख्यान तिथूनच सुरू करा. प्रबंधात जे दोनशेव्या पानावर येतं ते सभेत पहिल्या पाच मिनिटांत आलं पाहिजे. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा घरी ठेवून या. तो परीक्षकांसाठी असतो.

दुसरं, एक अस्सल कागद बरोबर आणा. मस्टरचं एखादं पान, मोडीतलं पत्र, जुना सातबारा, जात्यावरच्या ओवीचं ध्वनिमुद्रण, काहीही चालेल. तो पडद्यावर दाखवा आणि त्यातली ओळ न् ओळ लोकांबरोबर वाचा. हे अक्षर कुणाचं, हा शिक्का कसला, इथं अंगठा का आणि तिथं सही का. संशोधक कागदाकडे कसं बघतो हे लोकांना दहा मिनिटांत कळतं आणि ते तुमच्यासोबत तर्क करू लागतात. पद्धतीवरच्या तासभराच्या विवेचनापेक्षा याचं मोल मला जास्त वाटतं.

“पण मग माझं अर्धं काम सांगायचं राहून जाईल,” असं म्हणणारे हटकून भेटतात. राहू द्या. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीनं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळे स्मृती व्याख्यान दिलं. विषय होता ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातलं संघराज्य, म्हणजे चांगलाच किचकट. मजकूर मोठा होता, तेव्हा बोलताना त्यांनी काही भाग गाळले आणि सगळं भाषण नंतर छापून प्रसिद्ध केलं. सभेत काय सांगायचं आणि कागदावर काय ठेवायचं याचा विचार बाबासाहेबांनी केला, तर आपण का करू नये? सविस्तर टिपण मराठीत लिहून वाचनालयात ठेवा. ज्याला हवं तो वाचेल, आणि वाचतात लोक.

शके आणि सनावळी

इतिहासवाल्यांची ही नेहमीची घसरगुंडी. शकात ७८ मिळवले की इसवी सन आला, एवढंच पाठ करून येतात. शिवाजी महाराजांची जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या घटना-नोंदींतली, जन्मतिथी घ्या: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण शक चैत्रात सुरू होतो, आणि तो चालू असतानाच जानेवारीत इसवी सन बदलतो. त्यामुळे फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवायचे: १९ फेब्रुवारी १६३०. आमच्याकडे पहिल्या रांगेत कालनिर्णय तोंडपाठ असणारी मंडळी बसतात. वक्त्यानं १६२९ म्हटलं की त्याच्या पुढच्या सगळ्या विधानांवरचा त्यांचा विश्वास उडतो. प्रत्येक तारीख स्वतः ताडून पाहा आणि सभेत इसवी सनच सांगा.

स्लाईड

मोठ्या तक्त्यांच्या स्लाईड आणू नका, मागच्या रांगेला त्या दिसत नाहीत. एका तक्त्यातला एक आकडा निवडा, तो तोंडानं सांगा आणि तो कुठून आला तेही सांगा. स्लाईडवरचा मजकूर वाचून दाखवणं बंद करा. प्रोजेक्टर बंद पडला तरी बोलता येईल एवढी तयारी हवी; तालुक्याच्या गावात वीज जाते.

फूको, बोर्द्यू, ग्राम्शी या पाश्चात्त्य विचारवंतांची नावं घ्यायला माझी हरकत नाही. पण नावामागोमाग आपल्या गावातलं उदाहरण यायला हवं. ते सुचत नसेल तर ती कल्पना तुम्हालाच अजून पुरती उमगलेली नाही, असं मी स्पष्ट सांगते.

मोबाईलवरून तयार करून घेतलेलं भाषण

अलीकडे हे फार वाढलंय. विषय टाकायचा, दोन मिनिटांत गुळगुळीत मजकूर मिळवायचा आणि तो वाचायचा. असं भाषण लगेच ओळखू येतं, कारण त्यात एकाही गावाचं नाव नसतं, एकही माणूस बोलत नाही आणि कुठल्या दप्तरात काय पाहिलं याचा पत्ता नसतो. घाई करणाऱ्या नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुमची मुलाखतींची वही हीच तुमची शिदोरी आहे. ती पुन्हा एकदा सबंध वाचून या, भाषण त्यातूनच तयार होतं.

वेळेबद्दल दोन्ही बाजूंना सांगायचंय. संयोजकांनो, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय आणि शाल-श्रीफळ मिळून पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. वक्त्यांनो, पन्नास मिनिटांत थांबा. घड्याळ मनगटावरून काढून समोर ठेवा. चिठ्ठी येईपर्यंत बोलत राहणं हा श्रोत्यांचा अपमान आहे.

प्रश्नोत्तरं उरकणं

अर्धा तास राखून ठेवाच. माईक मागच्या रांगेपासून फिरवायचा आणि पहिला प्रश्न बाईला विचारू द्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी माईक घेतला की तो परत मिळत नाही आणि मग बाया बोलत नाहीत. कुणी प्रश्नाऐवजी भाषणच सुरू केलं, तर त्यातला एक मुद्दा पकडून उत्तर द्या आणि पुढच्या माणसाकडे वळा. जातीवर, धर्मावर, थोर पुरुषांवर बोलताना आवाज चढला तर तुम्ही मात्र चढवू नका. कुठल्या कागदावरून मी हे म्हणतोय आणि दुसरं मत असणारे कुठल्या कागदावरून म्हणतात, हे दोन्ही सांगा. अशा वेळी लोक शांत होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि उत्तर माहीत नसेल तर तसं सांगून विचारणाऱ्याचं नाव-गाव तिथल्या तिथं वहीत उतरवा.

लगेच गाडी पकडणं

व्याख्यान संपल्यावर तासभर तरी थांबा. त्या रात्री आमच्याकडे मुक्कामच करा, ही माझी प्रत्येकाला विनंती असते. सभेत न बोललेली माणसं चहाच्या वेळी जवळ येतात. कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी असतात, कुणाकडे आजोबांची रोजनिशी, कुणाकडे गिरणी संपातली पत्रकं.

इथं शेवटची चूक होते आणि ती फार नुकसान करते. भारावलेला संशोधक म्हणतो, “द्या माझ्याकडे, वाचून परत करतो.” असे घेतलेले कागद परत न आल्याची उदाहरणं आमच्या पंचक्रोशीत आहेत. अशा घरातली पुढची पिढी कुठल्याच अभ्यासकाला दारात उभं करत नाही. म्हणून कागद घरातून हलवायचाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच ओसरीवर बसा, स्वच्छ सुती कापड अंथरा, उजेडात एकेका पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कागद ज्या क्रमानं बांधलेले होते त्याच क्रमानं पुन्हा बांधून द्या. घडीवर तुटत असतील तर चिकटपट्टी लावू नका. कागद कुणाच्या घरचे, कसे आले, नाव छापलेलं चालेल का, हे त्यांच्यासमोर लिहून घ्या. फोटोंचा एक संच त्या घरी आणि एक वाचनालयात द्या.