मॉरिशसमधली वडिलोपार्जित जमीन: या चुका टाळा

मॉरिशसमधल्या जमिनीचा प्रश्न महाराष्ट्रातल्या सवयीने सोडवायला गेलं की घोटाळा होतो. 1810 मध्ये इंग्रजांनी हे बेट जिंकलं, पण फ्रेंच नागरी कायदा तसाच राहू दिला. जमीन आणि वारसा आजही त्याच संहितेवर चालतात. तिथल्या मराठी कुटुंबांनाही तीच लागू आहे.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे घर एकाच मुलाच्या नावे लिहून देणं. मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर एक तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर फक्त एक चतुर्थांश मालकाला मर्जीप्रमाणे देता येते. मुलगा-मुलगी समान. हयातीत दिलेली बक्षिसंही या हिशेबात धरली जातात, त्यामुळे वडिलांनी थोरल्याला दिलेल्या प्लॉटला बहिणी नंतर आव्हान देऊ शकतात. हिशेब करण्याआधी जोडीदाराचा वाटा बाजूला काढा. लग्नाच्या वेळी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा पर्याय निवडला नसेल, तर लग्नानंतर विकत घेतलेलं घर दोघांचं असतं आणि वारसांकडे मृताचा अर्धाच जातो.

मृत्युपत्र घरच्या घरी करायचं असेल तर ते संपूर्ण स्वहस्ताक्षरात, तारीख आणि सहीसकट हवं. संगणकावर टाइप करून खाली सही केली तर ते रद्द ठरतं. खात्री हवी असेल तर नोटरीकडे करा. तिथला नोटरी केवळ शिक्का मारत नाही. दस्त तयार करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

दुसरी मोठी अडचण वाटणी न करता राहण्याची. आजोबांच्या नावावरची जमीन तीन पिढ्या तशीच राहिली, की वारस वाढत जातात आणि अख्खी जमीन विकायला प्रत्येकाची सही लागते. वाटणी कोणताही वारस केव्हाही मागू शकतो. जमलं नाही तर प्रकरण न्यायालयामार्फत लिलावापर्यंत जातं. त्यातच 30 वर्षांच्या सलग ताब्यावरून मालकी सांगण्याची तरतूद आहे. अशा दाव्याची जाहीर सूचना निघते, पण ती वाचायला परदेशी राहणारा वारस तिथे नसतो. मॉरिशसमधली गुलामगिरी आणि गिरमिटिया मजुरीच्या परिणामांची चौकशी करणाऱ्या सत्य व न्याय आयोगाच्या 2011 च्या अहवालात जमीन गमावलेल्या अनेक कुटुंबांच्या तक्रारी आहेत. म्हणून मृत्यूनंतर लगेच वारसांचा दस्त करून नोंदवा, शपथबद्ध भूमापकाकडून हद्दीचे दगड रोवून घ्या आणि वाटणीचा दस्त त्याच झपाट्यात पुरा करा. नकाशावर जमिनीच्या त्या तुकड्याचा (पार्सलचा) ओळख क्रमांक असल्याचं पाहा.

वडिलांच्या घरावर मुलाने मजला चढवला, खर्च त्याचाच, तरी जमीन ज्याची त्याचं बांधकाम. वडील गेले की तो मजला सर्वांच्या वारशात येतो. बांधकाम सुरू करण्याआधीच नोटरीकडे वर बांधण्याच्या हक्काचा दस्त करा, मग नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेकडून बांधकाम व जमीनवापर परवाना घ्या. उसाच्या जमिनीवर घर बांधायचं असेल तर आधी जमीन रूपांतराचा परवाना लागतो, प्लॉट पाडायचे असतील तर मोर्सेलमां मंडळाचा, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडायला परवानगी देणाऱ्या मंडळाचा.

मोजमापात गफलत हमखास होते. तिथे जमीन जुन्या फ्रेंच मापांत मोजतात: एक आर्पां म्हणजे 4,220.87 चौरस मीटर, म्हणजे एकरापेक्षा थोडं जास्त, आणि त्यात 100 पेर्श. 10 पेर्शचा प्लॉट सुमारे 422 चौरस मीटर, म्हणजे चार गुंठ्यांहून थोडा मोठा. जुन्या दस्तातला फूट फ्रेंच आहे, 32.48 सेंमीचा. तो इंग्रजी फूट समजून मोजला तर लांबी सहा टक्क्यांहून अधिक कमी भरते आणि क्षेत्रफळात तफावत आणखी वाढते.

किनाऱ्यालगतचा 250 फ्रेंच फुटांचा, म्हणजे किमान 81.21 मीटर रुंदीचा पट्टा सरकारचा आहे. तिथल्या बंगल्याची जमीन भाडेपट्ट्याने असते, म्हणून विक्रेत्याकडून पट्ट्याचा दस्त आणि उरलेली मुदत पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. भारतीय नागरिकाला 1975 च्या कायद्याने परवानगीशिवाय मालमत्ता विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र घेता येते. मॉरिशसचा नागरिक असलेल्या चुलतभावाच्या नावावर खरेदी करून पैसे आपले घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तो साफ नाकारा, कारण दस्तावर नाव त्याचं आणि उद्याचे वारसही त्याचेच.