लिलावातलं कोरीव लाकूड: आधी पाठ पाहा
सातारा-वाईकडचा जुना वाडा उतरला की कोरीव हस्त (खांबाच्या माथ्याचे लाकडी आधार), गणेशपट्ट्या (दारावरच्या गणपती कोरलेल्या आडव्या पट्ट्या) लिलावात येतात. नक्षी राहू द्या, तुकडा उलटा करा. वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) उथळ, कमी-जास्त घाव म्हणजे हातकाम. एकसारख्या समांतर रेषा दिसल्या तर मशीनची करवत. प्लस खाचेचा स्क्रू असेल तर निदान तो जोड तरी अलीकडचा.

किडीची भोकं आहेत म्हणजे नक्षी जुनी, याला मात्र भुलू नका. किडा बाहेर पडतो तिथे बारीक गोल भोक दिसतं, बोगदा आत राहतो. नक्षीवरच उघडे, लांबट बोगदे दिसले तर किडलेल्या जुन्या लाकडावर नंतर कोरलंय. ताजी भुकटी गळत असेल तर कीड जिवंत आहे.

वजनही करा, सागवान म्हणून दिलेला तुकडा खरंच भरीव सागवान आहे का याचा अंदाज येतो: ६० × २० × १० सेंमीचा भरीव सुका सागवान साधारण ८ किलो भरतो, कोरल्यावर थोडा कमी.

भाव काढताना मागितलेली नव्हे, विकली गेलेली किंमत धरा. वर कमिशन, कर. ‘मेणवलीच्या (वाईजवळच्या नाना फडणवीसांच्या) वाड्यातलं’ हे कागदाशिवाय नुसतं बोलणं. परदेशातले भाव इथे लावू नका: १०० वर्षांवरची कलावस्तू १९७२च्या कायद्यानुसार खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. आणि विकायचं असेल तर घासून नवं पॉलिश मारू नका, भाव उतरतो.