मिठातलं पेव: तेलसाठ्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी, गावठाणाच्या पांढरीत आजोबांचं ज्वारीचं पेव होतं. झाकण काढल्यावर ते लगेच कुणाला उतरू देत नसत. आधी कोंडलेली हवा जाऊ दे, म्हणत. मिठातल्या तेलसाठ्यांचं काम हाती आलं तेव्हा ते पेव सारखं आठवायचं. मिठातल्या पेवात मात्र कुणी कधीच उतरत नाही. जमिनीखाली खोलवरच्या मिठात विहिरीतून गोडं पाणी सोडून ते विरघळवायचं, खारं पाणी वर काढायचं आणि त्या पोकळीत तेल भरायचं. आतली खबर देतात त्या दाबाच्या नोंदी आणि सोनार, म्हणजे ध्वनिलहरी सोडून पोकळीचा आकार मोजणारं उपकरण.

खान्देशातून भूशास्त्र शिकून निघालेल्यांची नजर काळ्या कातळाला सरावलेली असते. विहिरीला कातळ लागला की काठ ढासळायची भीती गेली. विशाखापट्टणम, मंगळूर, पादूर इथले आपले तेलसाठेही कठीण खडकातच आहेत. मीठ तसं उभं राहत नाही, ते सरकतं. १,००० मीटर खोलीवर वरच्या थरांचा भार साधारण २२ मेगापास्कल, तर पोकळीतल्या खाऱ्या पाण्याचा दाब १२ च्या आसपास. या फरकामुळे पोकळी सतत आक्रसते. सरकण्याचा वेग फरकाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो असं धरलं, तर फरक दुप्पट झाल्यावर वेग ३२ पट होतो. दुरुस्तीसाठी दाब उतरवलेले दिवस म्हणूनच सर्वांत नाजूक.

पहिल्या वर्षी एका बंद पोकळीचा दाब रोज थोडा चढताना दिसला आणि मी अहवालात ‘गेज सदोष’ असं लिहिलं. आमच्या मॅडमनी कागद परत दिला. म्हणाल्या, "अरे, चढणारच तो. भिंती आत येतायत. चढायचा थांबला तर मला रात्रीसुद्धा उठव." चढ अचानक मंदावला तर गळतीची शंका घ्यायची, हे मी तिथे शिकलो.

गळती बहुधा विहिरीच्या पोलादी नळीच्या तळाशी, सिमेंट आणि मीठ भेटतात तिथे सुरू होते. छताचे, भिंतींचे ढलपे पडून आत लोंबणाऱ्या नळ्या मोडतात. तेल काढायला गोडं पाणी वापरलं की भिंती आणखी विरघळतात, दोन पोकळ्यांमधलं मीठ पातळ होतं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात वीक्स आयलंडला जुन्या मीठखाणीत तेल ठेवलं होतं. १९९२ मध्ये वर जमिनीला खड्डा पडलेला आढळला, भूजल खाणीत शिरत होतं. शेवटी तेल हलवून जागा बंद करावी लागली. त्याच राज्यात बायू कोर्नला २०१२ मध्ये मिठाच्या घुमटाच्या (खालून वर घुसलेल्या मिठाच्या प्रचंड उंचवट्याच्या) कडेलगतची, खारं पाणी काढण्यासाठीची पोकळी बाजूने फुटली आणि जमीन खचली.

नुसत्या खडक ओळखण्यावर इथे भागत नाही. पदार्थांची यामिकी, म्हणजे भाराखाली पदार्थ कसे सरकतात आणि तुटतात ते, शिका, आणि जमलं तर मिठाच्या नमुन्यावर महिनोन्‌महिने भार ठेवून केलेली एक तरी चाचणी स्वतः करा. राजस्थानात नागौर-गंगानगर खोऱ्यातलं मीठ घुमटांत नाही, थरांत आहे, मध्ये मातीचे आणि अ‍ॅनहायड्राइटचे (जिप्समच्या जातीच्या, पण पाणी नसलेल्या खनिजाचे) पट्टे. अमेरिकेतल्या घुमटांचे आकडे उचलून तिथे लावू नका.