शाळेसाठी एलएमएस घेताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईच्या बऱ्याच शाळांत एलएमएस, म्हणजे अभ्यास, गृहपाठ, चाचण्या ऑनलाइन घ्यायचं सॉफ्टवेअर, ट्रस्टींच्या केबिनमध्येच फायनल होतं. सेल्सवाला लॅपटॉप उघडतो, शाळेचं वायफाय सुसाट असतं, रंगीत ग्राफ दिसतात आणि सह्या होतात. वापरायचंय कोणाला? तर कोपरखैरण्यातल्या सातवीच्या पोराला, ज्याच्या घरात स्मार्टफोन एकच आणि तो पहाटेच बाबांसोबत एपीएमसी मार्केटला गेलेला. म्हणून डेमो लॅपटॉपवर बघूच नका. सेल्सवाल्याच्या हातात शिपाईमामांचा जुना अँड्रॉइड द्या, वायफाय बंद करा आणि म्हणा, आता वहीचा फोटो काढून अपलोड करून दाखव. लगेच "सर, नवीन व्हर्जनमध्ये येतंय ते" सुरू होतं. आणि गृहपाठाची वेळ संध्याकाळी पाचची ठेवू नका, फोन घरी येतो रात्री आठला!

लॉगिन पण तेव्हाच तपासा. फक्त मोबाइल नंबर आणि ओटीपीवर चालत असेल तर दोन भावंडांचा नंबर एकच, मग ताईचं खातं उघडलं की धाकट्याचा अभ्यास गायब. युजरनेम वेगळं मिळतं का, पासवर्ड विसरला तर क्लासटीचर बदलून देऊ शकतात का की दरवेळी कंपनीला मेल टाकून बसायचं?

फी, हजेरी, बस ट्रॅकिंगवाल्या ईआरपीमध्ये, म्हणजे शाळेचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, "एलएमएस" नावाचा टॅब असतो, तो बऱ्याचदा पीडीएफ चिकटवायचा नोटीस बोर्ड असतो. त्यात चाचणी घेता येते का, फोटोवर लाल पेनाने शेरा मारता येतो का ते बघा. नसेल तर ते फी गोळा करायचं सॉफ्टवेअर आहे, त्यालाच एलएमएस समजून पैसे देऊ नका. कोटेशनखाली बारीक अक्षरात १८ टक्के जीएसटी असतो तोही आधीच धरा.

मराठी माध्यमवाल्यांची खरी डोकेदुखी वेगळीच. बाईंचे जुने पेपर श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, ते पेस्ट केले की स्क्रीनवर नुसता कचरा, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं, नाहीत. कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मुलांची नावं एक्सेलमधून चढवताना प्रश्नचिन्हं आली तर फाइल "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून सेव्ह करा. आणि डेमोत हे नक्की करून बघा: गणिताच्या रिकाम्या जागेचं उत्तर एकदा 12 आणि एकदा १२ लिहा. काही सिस्टिम देवनागरी आकडा सरळ चूक धरतात, मग मार्क गेले म्हणून पालक शाळेत हजर, आणि बोलणी टीचर खातात.

फुकटचं घ्यायचं तर मूडल आहे, २००२ पासून चालतंय, सॉफ्टवेअरला पैसे नाहीत पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतोच. फोटो चढत नसतील तर आधी सर्व्हरवरची पीएचपीची (मूडल ज्यावर चालतं ती भाषा) अपलोड लिमिट बघा, ती मुळात २ एमबीच असते आणि फोनचा फोटो त्याहून मोठा. नोटिफिकेशन जात नसतील तर बहुतेक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा सर्व्हरचा प्रोग्राम) लावलेलं नसतं, ते दर मिनिटाला चालायला हवं. गूगल क्लासरूम सोपं, पण शाळांच्या खात्यांवर गूगल सगळ्यांनाच १८ च्या आतलं धरतं, ॲडमिनने बदलेपर्यंत टीचरनाही, म्हणून यूट्यूबचे बरेच व्हिडिओ उघडत नाहीत. टीचरचा गट वेगळा करा, त्याला १८ च्या वरचं सेटिंग द्या, की झालं. यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

मुलांच्या माहितीचं बोलायचं तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची संमती लागते. ती प्रवेशाच्या वेळीच घ्या, आणि ॲप कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला मागतंय ते कंपनीला विचारा.

राहिलं कंपनी सोडून जायचं. नेरुळच्या एका शाळेने कंपनी बदलली तेव्हा जुन्या कंपनीने मार्कांची पीडीएफ दिली, प्रश्न काही दिले नाहीत. टीचरनी टाइप केलेला सगळा प्रश्नसंच तिकडेच राहिला. त्यामुळे ट्रायलमध्येच एक छोटी चाचणी बनवा, मार्क एक्सेलमध्ये आणि प्रश्न मूडल एक्सएमएल किंवा गिफ्ट या, मूडलमध्ये परत चढवता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढून बघा, आणि निघताना सगळा डेटा किती दिवसांत, कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळणार ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.