रेडिएशनआधी मनाची तपासणी: कधी, कशी आणि पुढे काय

कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं की मास्क (डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा, लागत असेल तर), प्लॅनिंगचा स्कॅन आणि मग पहिल्या सेशनची वाट पाहणं, यात बरेचदा आठवडा-दोन आठवडे जातात. चिंता आणि नैराश्य तपासायला हीच वेळ योग्य. एकदा रोजच्या फेऱ्या सुरू झाल्या की मनाबद्दल विचारायचं राहूनच जातं.

थकवा, भूक नसणं, झोप उडणं यांवरून नैराश्य ठरवू नका. आजार आणि केमोही हेच करतात. हॅड्स (HADS) या चिंता आणि नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीत शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली आहेत. प्रश्न 14, गेल्या आठवड्याबद्दलचे: 7 चिंतेचे, 7 नैराश्याचे, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज वेगवेगळी करा, एकत्र नाही. 7 पर्यंत ठीक, 8 ते 10 सीमेवर, 11 पासून पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. गुण म्हणजे निदान नव्हे. नातेवाईक शेजारी बसले की उत्तरं हमखास 'सगळं ठीक' अशीच येतात, म्हणून रुग्णाला एकट्याने भरू द्या.

या प्रश्नावलीत आत्महत्येचा प्रश्न नाही. तो तोंडी, सरळ विचारा: "जगणं नकोसं होतं का? जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसे विचार मनात येत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, रुग्णाला एकटं सोडू नका.

गुण जास्त असले तर आधी औषधांची यादी पाहा. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते. संध्याकाळचा डोस सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. न आवरलेलं दुखणं, कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड हेही तपासून घ्या.

डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये खरी धास्ती जाळीच्या मास्कची. कोंडल्यासारखं होत असेल तर मास्क बनवण्याआधीच सांगा. डोळ्यांजवळ तो कापता येतो का, हे तेव्हाच ठरतं. नंतर मास्क बदलला तर स्कॅन आणि प्लॅनिंग पुन्हा करावं लागू शकतं. घरी रोज 10-15 मिनिटं उताणं, न हलता पडून सराव करा: 4 आकडे श्वास आत, 6 आकडे बाहेर. खोलीत रुग्ण एकटा असला तरी कॅमेरा चालू असतो. थांबवण्याची खूण, म्हणजे हात वर करणं वगैरे, आधी ठरवून घ्या.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या सेशनची वाट पाहत बसू नका. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) चालू असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा: पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन या नैराश्याच्या गोळ्या त्याच्या कामात अडथळा आणतात.